तिसरी दवंडी

हिरवी रेघ हलत होती, म्हणजे आवाज आत जात होता.
एवढं मला कळत होतं.

बकारामकाका कोतवाल माइकसमोर उभे राहूनच बोलले.
खुर्ची दिली, बसले नाहीत.
"बसून दवंडी देत नसतेत, बाई."
पोटाशी डफडं नव्हतं,
दोन्ही हात कुठं ठेवावे ते त्यांना सुचेना.

ग्रामसेवकांनी मजकूर लिहून दिलेला:
सर्व नळधारकांना कळविण्यात येते की.
घंटागाडीच्या भोंग्यातून तो रोज सकाळी वाजणार
आणि पुढच्या महिन्यापासून काकांना
पायी फिरायचं काम उरणार नाही.
हे त्यांना माहीत होतं. माइक त्यांनीच पुसून दिला,
गळ्यातल्या दुपट्ट्यानं.

पहिली दवंडी, चाळीस सेकंद.
सेव्ह दाबलं. राखाडी चौकट आली: फाइल लिहिता आली नाही.
दुसऱ्या फोल्डरात. नाही. डेस्कटॉपवर. नाही.
जागा पाहिली, एकेचाळीस जीबी रिकामी.
सोसायटीच्या गोदामात एवढी असती
तर धान उघड्यावर पडलं नसतं.
चिडून सगळं बंद करायला गेले, चौकटीनं काहीतरी विचारलं,
मी हो म्हटलं.
हिरवी रेघ गेली.

"गेली का?"
"गेली, काका."
"मंग घे अजून एक."

दुसऱ्यांदा त्यांनी कागद घडी करून खिशात घातला.
'कळविण्यात येते'चं 'सांगून ठेवतो' झालं.
पुन्हा तीच चौकट. मी अँटिव्हायरस थांबवला.
प्रोग्राम प्रशासक म्हणून उघडून पाहावा,
म्हणून आधी बंद केला
आणि मग आठवलं की आत काय होतं.

लाखांदूरला चेतन बोरकरला फोन लावला.
"रिस्टार्ट मारा, ताई."
त्याचं सगळ्यावर तेच.

तिसऱ्या वेळी काकांनी डोळे मिटले.
चूलबंदच्या पल्याड म्हशी राखणाऱ्याला ऐकू जावा
असा आवाज काढला, आणि ज्यांची पट्टी बाकी
त्यांची नावं घेत सुटले.
टोल्यावरची. मग गुजरीतली. बापाच्या नावासकट, रकमेसकट.
मग सरपंचबाईंच्या दिराचं.
"चौदाशे चाळीस! दोन टुल्लू लावते अन् पट्टी भरत नाही!"
रेघ वरखाली काठांना भिडली.
मी माउसकडे हात नेला
तर लाइट गेली.
यूपीएसची बॅटरी दिवाळीपासून मेलेली.

तेव्हा काका पहिल्यांदा खुर्चीवर बसले.

पाऊण तासानं लाइट आली.
चौथ्यांदा ते दमलेले होते,
कागद काढला, वाचला, जसाच्या तसा.
आणि ह्या वेळी मी ती चौकट पूर्ण वाचली.
सकाळपासून ती सांगतच होती:
सहा प्रश्नचिन्हं, एक मोकळी जागा, पाच प्रश्नचिन्हं.
फाइल लिहिता आली नाही.

मी नाव दिलं होतं, बकाराम दवंडी.
जुना प्रोग्राम. त्याला मराठी येत नाही.
अक्षराचं, कान्याचं, अनुस्वाराचंसुद्धा
तो एकेक प्रश्नचिन्ह करतो,
आणि प्रश्नचिन्ह फाइलच्या नावात चालत नाही.

नाव खोडलं. इंग्रजी एक आकडा टाकला.
झाली सेव्ह.

"माह्या नावानं नाही चालत का त्याले?"
"नाही, काका."
"मस्टरवर त चालते."
दुपट्टा झटकून गळ्यात घातला.
"अन् मागचे तीन? कुठं गेले?"
"कुठंच नाही."
ते खिडकीकडे बघत राहिले.
खिडकी उघडी होती. बाहेर राशनची रांग,
पंधरावीस माणसं, सकाळपासूनची.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायच्या आधीच
सरपंचबाईंचे दीर पायरीवर उभे.
चौदाशे चाळीस, मोजून, मान वर न करता.
"पावती दे."
पावतीचा प्रोग्राम वेगळा आहे.
मी त्यांचं नाव टाइप केलं, मराठीत.
कुठंही अडलं नाही.