नावातले आकडे

तार्तूच्या दफनभूमीमागे माझी शेड.
चाळीस वर्षं ग्रॅनाइट कोरतोय.
वर नाव, खाली आकडे,
एक आल्याचा, एक गेल्याचा.
आकड्यांनी आपली पायरी कधी सोडली नाही.

मार्चात, बर्फाचा चिखल झाला होता तेव्हा
चौघं आले. काळ्या टोप्या, झोप न झालेले डोळे.
एकाने कागद पुढे केला: R31N.
म्हटलं, पोरांनो, तारीख नावात घुसलीय.
"नाही काका, ते नावच आहे.
तीन म्हणजे आरशातला ई.
एक म्हणजे आय, नुसता उभा.
मॉडेम किंचाळायचा तेव्हापासून
रेइन अशीच सही करायचा."
पण का?
"शब्द तपासणारी यंत्रं होती तेव्हा.
अक्षरं धरायची, आकडा दिसला की सोडून द्यायची.
मग सवय लागली."
तिसरा काहीच बोलला नाही,
बुटाने बर्फ उकरत राहिला.

आईला विचारून या, म्हटलं.
आई दारातच उभी. लेइदा. हातात कापडी पिशवी.
वाटलं, आता पोरांची खैर नाही.
ती म्हणाली, "फ्रिजवर चिठ्ठी लावायचा: p11m."
(दुधाला आम्ही पीम म्हणतो, मधे दोन आय.)
"मी वाचलं अकरा. अकरा पिशव्या आणल्या.
आठवडाभर नुसती लापशी,
आणि शेजारच्या मांजरीची चैन."
हसली, आणि हसता हसताच
न घडवलेल्या एका दगडावर बसली.

दफनभूमीच्या ऑफिसात बाईंचा संगणक अडला:
नावात फक्त अक्षरं चालतील.
चौघांनी एकमेकांकडे पाहिलं.
दुसऱ्या सकाळी नोंद झालेली होती,
तीन, एक, सगळं जागच्या जागी.
बाईंनी विचारलं नाही. मीही नाही.

ई सोपा असतो, चार सरळ घाव.
तिनाला दोन पोटं,
छिन्नी वळवावी लागते, श्वास धरून.
त्या एका आकड्यात दीड दिवस गेला.
जादा पैसे लावले नाहीत.

संध्याकाळी बिलाच्या पाठीवर
पेन्सिलीने माझं नाव लिहून पाहिलं,
हेल्दुरमधला ई उलटा करून.
बरं दिसत होतं.
खोडलं.
पेन्सिल होती म्हणून.