येतो

सुभाषनगरात, चप्पल कारागिरांच्या सोसायटीवरची खोली.
संध्याकाळी साडेसातचा वर्ग.
सहा जण. ऑर्डरी असल्या की चार.
वह्यांना वास येतो,
कुणाच्या कातड्याचा, कुणाच्या शिरोलीतल्या जळक्या वाळूचा.
पंखा आहे. फिरण्यापेक्षा बोलतो जास्त.

माझ्याकडे लाल पेन होता,
एकवीस वर्षांचा.
म्हणजे रिफिली बदलल्या,
हात तोच.

वैजंतानं लिहिलेलं:
"अप्पाला पोचवून आलो.
सगळी गेल्यावर दुकान उघडलं.
आरी जिथल्या तिथं होती.
वादी अर्ध्यावर ओवलेली.
मी बसलो आणि उरलेली ओवली.
मग घरी आलो."

मी तीन गोल केले.
आले. बसले. आले.
खाली शेरा : छान, पण लिंगाकडे लक्ष दे.

ती वहीकडे बघत राहिली.
नखाखाली डिंकाची काळी रेघ.
मग म्हणाली,
"बाई, आले म्हटलं की
दुसरीच कोणतर आल्यागत वाटतंय.
त्या दिवशी तर मी एकटाच होतो."

कुणी हसलं नाही.
खाली एक मोपेड तीनदा किक मारूनही सुरू झाली नाही.

मला आठवली ती सुट्टी.
पुण्याच्या अध्यापक विद्यालयातून घरी आलेली मी,
निघताना उंबऱ्यात म्हटलं, "येते हं, आई."
आई भाकरी थापत होती. हात थांबला.
"येते? कुणाची गं तू?"
हसली ती. मीही हसले.
पण नंतर फोनवर ती माझ्याशी
जपून बोलायला लागली,
पाव्हण्यासमोर बोलावं तशी.
हे मी कुठंच लिहिलेलं नाही.
दुसऱ्यांना मात्र सांगते : मनातलं लिहा, मोकळं लिहा,
सुरुवात, मध्य, शेवट, आणि समास सोडा.

इर्शादनं मागच्या बाकावरून तोंड उघडलं.
दोन महिन्यांत पहिल्यांदा.
"आमच्याकडं साचा वाळूचा असतोय बाई.
वतलं, गार झालं, की साचा फोडायचा.
फोडला न्हाई तर माल आतच की."
मग लाजला, आणि वहीत तोंड घातलं.

मी खडू घेतला.
फळ्यावर लिहिलं :
आई गेली तेव्हा मी वर्गात निबंध तपासत
इथं अडले.
अकरा वर्षं इथंच अडलेली आहे मी,
त्या क्रियापदाशी.
खडू मोडला. उरलेल्या तुकड्यानं लिहिलं :
होतो.

अक्षर वाकडं आलं.
फळ्याकडं तोंड करून उभी राहिले जरा,
डस्टर शोधतेय असं दाखवत.
डस्टर समोरच होतं.
वैजंता उठली,
माझ्या हातात पाण्याची बाटली दिली,
आणि काही झालंच नाही अशी जागेवर जाऊन बसली.

मग मी त्यांना खरं ते सांगितलं.
परीक्षेत आले लिहा. तिथं मार्क आहेत,
आणि मार्क लागतात, त्यात लाज नाही.
या वहीत जे आलात तेच लिहा.
आणि मला विचारू नका बरोबर का चूक.
मलाही बघायचंय.

शेरा मात्र पुसता येईना.
लाल शाई कागदात मुरते.
वैजंता म्हणाली, "ऱ्हाऊ दे बाई,
उलट्या टाक्यागत हाय. कुणी बघत न्हाई."
मी बघते. अजून बघते.

साडेनऊला जिन्यात चपलांची करकर.
एकेक जण वळून म्हणतो,
"येतो, बाई."
म्हणजे जातो. आमच्यात
जातो म्हणत नाहीत.

खाली दिवा गेला होता.
अंधारात वैजंता शेवटची उतरली,
"येतो."
"ये," म्हटलं. आणि ती दिसेनाशी झाल्यावर,
कुलूप चाचपत,
कुणाला ते नक्की ठाऊक नसताना,
हळूच,
तोंडाला सवय नव्हती म्हणून दोनदा :
येतो, आई.
येतो.