वहीतली वेळ

चोडणच्या गांवकारी कचेरीवरची खोली,
पंख्याची एक पात वाकलेली.
डावीकडच्या काळ्या खिडकीत सहमतीचं इंजिन,
तयार, बाहेरून आणलेलं.
उजवीकडे ॲप,
सुदीननं आणि मी रात्री जागून लिहिलेलं:
कुठल्या मानशीवर वर्षभर जाळं कुणी लावायचं
आणि केवढ्याला, त्या पावणीचं.

इंजिनाला मासा कळत नाही.
शेवटो काय, सुंगटं काय,
त्याला आधी कोण बोललं, नंतर कोण, एवढं पुरतं,
आणि चारांतल्या तिघांनी मान हलवली की नाही.
ॲपला सगळं ठाऊक:
अनामत, हप्ता, कुणाचं देणं दोन वर्षं थकलंय.
पण ते एकलकोंडं.
आपल्यासारखी आणखी तीन आहेत,
दिवाडीला, पणजीत पाटोवर,
आणि जुव्यात, जिथं वीज दुपारची झोपते,
हे त्याच्या गावीही नाही.

मध्ये एक पोर्ट. २६६५८.
त्यातून जाणारे प्रश्न मोजके:
हे आत घेऊ का?
हा गठ्ठा ठरला, क्रमानं वाच.
वाचलास? मग हिशोबाचा ठसा दे.
ठेव आता. पक्कं.

रोमाल्द आझावेदो, चाळीस वर्षं इथले कारकून,
जिना चढून येतात, धापा टाकत, फक्त बघायला.
म्हणतात, आमचं असंच होतं.
वर बैठक. गांवकार बसलेले, कोट घालून,
त्यांतल्या अर्ध्यांनी खाजणात कधी पाय घातला नव्हता.
खाली पुतू, मानशीची दारं उघडणारा,
जो बैठकीला आयुष्यात आला नाही.
आणि रोक नावाचं पोर
चिठ्ठी घेऊन बांधावरून धावायचं.
"चिठ्ठी वाचायचा का तो?"
"वाचता येत नव्हतं, म्हणून तर ठेवलेला."

चारशे बाराव्या गठ्ठ्याला सगळं थांबलं.
चूक नाही, आरडाओरडा नाही,
दोन यंत्रांचा ठसा एक, दोघांचा दुसरा,
आणि इंजिन उभं,
फेरीबोटीच्या धक्क्यावर गाडी उभी राहते तसं.
दोन रात्री आम्ही तारा तपासल्या.
सुदीन इंजिनाला शिव्या देत होता,
मी सुदीनला.

मग सापडलं. माझ्याच हातची ओळ.
भरती फिरेपर्यंतच बोली घ्यायची, ही इथली रीत,
आणि मी ॲपला सांगितलं होतं, घड्याळ बघ.
ते बघत होतं, इमानदारीनं,
प्रत्येक जण आपापल्या भिंतीवरचं.
पाणी फिरण्याच्या क्षणी एक बोली आली,
दिवाडीला ती वेळेत होती
आणि पाटोवर उशिरा.

रोमाल्दना सांगितलं तर हसले, खोकेपर्यंत.
"घड्याळं बैठकीत पाच असायची.
एकही दुसऱ्याशी जुळायचं नाही.
मी वहीत जी लिहीन ती वेळ.
पुतूलासुद्धा तीच."

ती ओळ पुसली.
आता ॲप भिंतीकडे बघत नाही,
गठ्ठ्याच्या कपाळावर जी वेळ लिहून येते
ती मानतं.
वेळ चुकीची असेल. असू दे.
चौघांची एकच चुकेल.

तीन यंत्रं चालू झाली.
जुव्याचं कोरं करून सोडलंय, पहिल्या गठ्ठ्यापासून.
इंजिन त्याला सगळं पुन्हा सांगतंय,
न कंटाळता, त्याच क्रमानं,
कुणी बोली लावली, कुणी मागे घेतली,
जणू आजच घडतंय.
आणि ॲप प्रत्येक वेळी नव्यानं म्हणतं: घेतलं.

एकशे सहा. एकशे सात.
मी कागदात बांधलेली पोळी सोडते,
सुदीन खुर्चीतच झोपलाय.
बाहेर मानशीचं लाकडी दार
पाण्याच्या जोरानं स्वतःशीच वाजतंय,
कुणीही न विचारता.

एकशे आठवर थांबलं.
जुव्यात वीज गेली असणार.