वेणी

आई भिंतीकडे तोंड करून झोपली
ती गणपती गेले त्या आठवड्यात,
आणि उठली तेव्हा
माझे पुढचे दोन दात पडून नवे आले होते.

मधल्या काळात, दिगूदादा,
कन्नमवार नगरातल्या त्या तळमजल्याच्या खोलीत
तूच आमची आई होतास.
बारा वर्षांचा. आवाज फुटायचा होता अजून.

पहाटे सव्वाचारला पाणी यायचं.
बोटाच्या पेरानं तू तांदळावरचं पाणी मोजायचास.
भात एकदा करपला, एकदा गिचका झाला,
जमला तेव्हा काहीच बोलला नाहीस,
फक्त मला न विचारता परत वाढलास.

वेणीचं मात्र अवघड होतं.
पायजम्याच्या तीन नाड्या
खिडकीच्या गजाला बांधून
रात्री तुझा सराव चालायचा,
डावी मधल्यावर, उजवी मधल्यावर,
पाढे पुटपुटावेत तसा.
सकाळी माझा भांग कानापर्यंत घसरलेला.
वर्गात मुली हसायच्या.
मी सांगायचे, आईचा हात दुखतो.

थापांचे नियम तूच ठरवून दिले होतेस.
पडवळकाकूंना : आईचा उपवास आहे.
शाळेत बाईंना : आई कामाला जाते.
पप्पांना, वापीहून टेम्पो घेऊन
शनिवारी रात्री आले की : सगळं ठीक.
पप्पा डब्याखाली पैसे ठेवायचे,
आईच्या पाठीकडे थोडा वेळ बघायचे
आणि बिडी ओढायला बाहेर जायचे
ते बहुतेक सोमवारपर्यंत.

रविवारी तू आईची नखं कापायचास.
ती हात देऊन ठेवायची,
दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

माझ्या प्रगतिपुस्तकावर तिची सही तूच करायचास,
सौ. लावून, शेवटच्या अक्षराला शेपूट काढून.
तुझ्या प्रगतिपुस्तकात
गणिताखाली लाल रेघ होती.
तिच्याखालीही तीच सही.
शेपूट जरा हललेलं.

एकदाच मारलंस मला.
दुधाची पिशवी माझ्या हातून जिन्यात फुटली तेव्हा.
मग संडासात जाऊन आतून कडी लावलीस
आणि नळ सोडून ठेवलास, पाणी जपून वापर म्हणणारा तू.
मी फरशीला गाल लावून दाराखालून बघितलं,
तुझे पाय दिसले.
लहान होते रे.
मला वाटत होतं, मोठे असतील.

आणि मग आई उठली.
गोळ्यांनी, की कशानं, कुणी सांगितलं नाही.
अंधारातच उठून तिनं स्टोव्हला पंप मारला.
तू भरलेला हंडा घेऊन दारात.
'दे इकडे,' ती म्हणाली.
तू दिला नाहीस.
चौघांचे हात असावेत इतका वेळ
तुम्हा दोघांचे हात त्या काठाला,
पाणी हिंदकळून तिच्या पायांवर,
आणि कुणीच हंडा खाली ठेवेना.

तो हंडा तू दिलास असं मला अजून वाटत नाही.
लग्नात पंगतीला बसवलं तर
तू उठून मीठ वाढायला लागतोस.
ताप आला तर आधी गॅस बघून येतोस.

परवा तुझ्या मुलुंडच्या घरी
रेवाची वेणी घालत होतास
दातांत रबर धरून. चार पदरी, सागरवेणी म्हणे.
आई खुर्चीत लसूण सोलत बसली होती.
बघत राहिली, मग म्हणाली,
'बाप्यामाणसाला हे कुठून रे येतं?
कुणी शिकवलं तुला?'

तोंडात रबर होतं, तुला बोलता आलं नाही.
मी खिडकीकडे बघितलं.
सरकत्या काचा. गज नाहीत.

लसणाची सालं पंख्यानं सगळ्या घरभर झाली.
रेवा मान वळवून म्हणाली,
'बाबा, घट्ट होतंय.'
तू सगळी सोडलीस.