चौकट ३११८

बांबोळी, तिसरा मजला. एसी बंद,
सर्व्हरवर हात ठेवला तर चटका बसेल.
पडद्यावर झेब्राफिशचा गर्भ,
मोहरीच्या दाण्याहून लहान, आरपार दिसणारा.
बासष्ट तास कुणी आपल्यावर टक लावून होतं
हे त्याच्या गावीही नाही.

दर अर्ध्या मिनिटाला एक चित्र,
प्रत्येक चित्र चाळीस काप खोल.
एका यंत्रात मावेना, म्हणून वाटून टाकला :
डोळे पुण्याला, शेपटी लव्हेनला,
छातीचा भाग आमच्याकडे.
अख्खा मासा आता कुणाकडेच नाही.
लुर्दीन म्हणते, पणजीच्या बाजारात इसवणही
असाच कापून देतात,
फक्त तिथे कुणी तो परत जोडत बसत नाही.

मी पेशींच्या मागावर.
प्रत्येकीला रंग, क्रमांक, आणि चालून आलेली वाट.
जांभळी सातशे बारा बाजूने निघाली,
मध्याशी येऊन दुभंगली,
तिची एक लेक पुढे झडपेच्या जागी थांबली.
झडप म्हटलं की मला मानस दिसते,
कुंभारजुव्याच्या खाजणाची :
भरतीच्या रेट्याने आपोआप मिटणारी,
ओहोटीला उघडणारी लाकडी दारं,
आणि बांधावर उकिडवे बसलेले माझे वडील,
वहीत पाण्याची उंची लिहिताना.

३११७ : नळी निश्चल.
३११९ : नळी हललेली.
मधे वीज गेली होती,
जनरेटरने उचलायला वेळ लावला.

आज सकाळी पुण्याच्या प्रोग्रामने
ती जागा भरून पाठवली,
अलीकडचं-पलीकडचं मिळून सरासरी काढून.
सुबक. कुणालाही सांधा दिसू नये असा
अर्धा ठोका.
अर्धा ठोका कुठल्याच काळजात पडत नसतो.

वडिलांच्या वहीत सतरा वर्षांत
एकाच तारखेपुढे आकडा नाही :
'म्हापशाला दाढ काढायला गेलो.
पाणी आलं असणार. मी बघितलं नाही.'

मी भरलेलं चित्र काढून टाकलं.
तिथे काळा चौकोन ठेवला.
सगळं पुन्हा चालवलं तेव्हा लुर्दीन म्हणाली,
अगे, तुझा पडदा डोळा मिचकावतोय.

लव्हेनहून लगेच विचारणा :
तुमच्या बाजूने काही गहाळ आहे का?
होय, लिहिलं. तीस सेकंद.
नेमकं त्यातच सुरू झालं.

एसीवाला अजून आलेला नाही.