दोन लाख सत्त्याऐंशी हजार

पहिली गाडी कोवळी होती.
काचेमागे आकडा : ब्याऐंशी हजार.
विकणाऱ्याने बाहीनं बॉनेट पुसलं,
आरसा पुसला,
मग माझ्याकडे बघून हसला.

लुवसानमामा आत बसला नाही.
बर्फात गुडघा टेकून
त्यानं ब्रेकच्या पेडलवर अंगठा फिरवला.
रबर एका अंगानं पार झिजलेलं,
लोखंड डोकावत होतं.
"घोड्याचे दात कानशीनं घासणारे
पाहिलेत मी," तो मला म्हणाला, त्याला नाही.
"दात तरुण होतात."

मी दातांच्याच दवाखान्यात असते.
ट्रे मांडते, लाळेची नळी धरते.
तोंड उघडं असेतो माणसाला खोटं बोलता येत नाही.
मिटलं, की सगळेच म्हणतात,
रोज दोनदा घासतो.

एक्स-रेच्या पाकिटात
वीस हजारांच्या साडेचारशे नोटा.
चार वर्षं.
दात कोरून पोट भरत नाही म्हणतात,
भरतं, फार हळू.

उलानबातरच्या या बाजारात
रांगेत उभ्या शेकडो प्रियस,
सगळ्या जपानहून आलेल्या,
सगळ्यांचं स्टिअरिंग उजवीकडे,
आणि आमचे रस्तेही उजवीकडूनच.
ओव्हरटेक करताना शेजारच्याला विचारावं लागतं :
समोरून कोणी येतंय का?
शेजारी कोणी नसेल तर
थांबायचं.

राखाडी गाडीशी एक बाई उभी होती. ओयुनगेरेल.
बालवाडीत स्वयंपाक करते म्हणाली.
"दोन लाख सत्त्याऐंशी हजार," तिनं आधीच सांगून टाकलं,
"नवरा टॅक्सी चालवायचा.
मागचं डावं दार उन्हाळ्यात बाहेरून उघडत नाही,
हिवाळ्यात आतून.
उणे तीसला दोनदा स्टार्ट करावी लागते.
तिसऱ्यांदा लागली तर मला फोन कर."

माझ्याकडे प्रश्नांची यादी होती,
प्रिस्क्रिप्शनच्या पाठीवर, एकोणीस प्रश्न.
अकरांची उत्तरं न विचारता मिळाली.
उरलेले आठ
कागदासकट खिशात राहिले.
चालवायचा, म्हणजे आता?
तो तर यादीतही नव्हता.
मामा इंजिनात गरजेपेक्षा जास्त वेळ
डोकं घालून उभा राहिला.

मग अंगठा. पेडल.
"ही आपलं वय सांगते," तो म्हणाला.

घासाघीस मला येत नाही,
दवाखान्यात घासायचं काम डॉक्टरांचं.
तिनंच पंधरा नोटा मोजून परत दिल्या.
"बॅटरी बघून घे."
मग आरशाला बांधलेला निळा खादग सोडला,
चार घड्या घातल्या,
कोटात आत ठेवला.
"हा त्याचा आहे."
किल्ली देताना मात्र
काही बोलली नाही.

घरी आई दुधाचं भांडं घेऊन फाटकात.
पळीपळीनं चारही चाकांवर शिंपडलं,
टायरवरून ओघळायच्या आत दूध गोठलं.
"उंद्राल, पाचव्या चाकावर?" मामानं विचारलं.
आई खरंच डिकीकडे गेली.
स्टेपनी नव्हतीच.
एकोणीसपैकी तो आठवा प्रश्न होता.

रात्री एकटीच गाडीत जाऊन बसले.
बटण दाबलं. काही नाही.
पुन्हा दाबलं.
दिवे लागले, पडदा उजळला,
आणि एक बाई जपानीत काहीतरी बोलली,
आदबीनं, दवाखान्यात आम्ही बोलतो तसं.
तिच्या नकाशात मंगोलिया नाही.
तिचा बाण उभा आहे
कुठल्याशा बंदराच्या शेवटच्या गल्लीत,
डावीकडे घरं, उजवीकडे नुसतं निळं.

मी समुद्र पाहिलेला नाही.
हीटर तापेपर्यंत
काठावर बसून राहिले.