सामान्य घट

एकतीस मार्च. एमआयडीसीत रात्रीचे साडेनऊ,
आणि गच्चीच्या फरशीत अजून दुपार शिल्लक.
तेल-पाणी लावलेली तूर इथे पसरली आहे,
तूर राहिली नाही, डाळ झाली नाही.
मी चपला काढून तिच्यात शिरते,
दोन दाणे दाताखाली धरते.
एक कट्कन फुटतो, दुसरा नुसताच दबतो.
साठ टक्के पूर्ण, असं लिहीन.
एकशे दहा पोत्यांची सहासष्ट समतुल्य पोती,
बाकीची चव्वेचाळीस उद्याच्या उन्हाच्या नावावर.

खाली रोलर थांबलेत.
चाळणीने जमा करायचं, रोलरने नावे लिहून घ्यायचं,
रोलरने जमा करायचं, भरडणीने नावे.
चुनी विकून आलेला पैसा डाळीच्या खर्चातून वजा.
फोल भट्टीत.
आणि प्रत्येक खात्याच्या तळाशी एक ओळ,
जिच्यापुढे वस्तू नसते, नुसतं वजन असतं:
सामान्य घट, तीन टक्के.

हे तीन भोळे अण्णांचे.
हिरव्या पुठ्ठ्याच्या वहीत, तांबड्या पेन्सिलीने,
एकोणतीस वर्षं तेच तीन.
पाऊस लांबला तरी तीन, लातूरची तूर आली तरी तीन.
मला वाटायचं, म्हातारा आळशी होता.

यंदा छाजेड शेठच्या ऋषभने यंत्रांखाली काटे बसवले.
काटा म्हणतो, यंत्र खातं ते दोन पूर्णांक सात.
गोदामात मात्र तीनच कमी पोचते.
दोनशे क्विंटलमागे साठ किलो,
ना रोलरने खाल्ले, ना वाऱ्याने नेले.
पुस्तकात त्याला नाव आहे: असामान्य घट.
तिचं खातं वेगळं उघडतात
आणि मग त्या खात्याला तोंड लागतं,
कुणाचं तरी.

अण्णांना सावद्याला फोन केला.
ऐकू कमी येतं, मी तीनदा ओरडून आकडा सांगितला.
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाले,
"शनिवारी बाया कोन्या दारानं घरी जातात,
पाह्यलं का तू कधी?"

पाहिलं होतं. मागच्या. फोलाच्या ढिगाजवळून.
सुपडाबाई कोळी, जमिला तडवी, त्यांच्यामागे नवीन दोघी.
सकाळी जेवण घेऊन आलेला डबा
संध्याकाळी रिकामा वाजायला हवा.
शनिवारी एकही डबा वाजत नाही.

आमच्याकडे रविवारी वरण-बट्टी असायची.
आई इथेच निवडायला होती.
तुकडीचं वरण लवकर शिजतं,
एवढंच मला त्याबद्दल ठाऊक होतं,
आणि मी दोनदा मागून घ्यायची.

ऋषभची मेल उघडी आहे.
नव्या वर्षाचा प्रमाण दर आज रात्री हवा,
घटीचा, कारणासकट.
दोन पूर्णांक सात टाईप केलं.
बरोबर होतं. दशांशापर्यंत बरोबर.
खोडलं.
पाणी प्यायले, कूलरची टाकी बघून आले,
बंद पडलेल्या काट्यावर उगाच उभी राहिले.

तीन.
कारणाच्या रकान्यात लिहिलं: ओलावा.

गच्चीवर तूर आपली वाळत होती,
एकसष्ट टक्के,
बासष्ट.